बनसोडबाबूंचा बुधवार

नवीन माणूस ऑफिसात आला की बनसोडबाबू त्याला आधी नाव नाही, जन्मतारीख विचारत. ती कळली की डोळे छताकडे, ओठ किंचित हलणार आणि निकाल: "गुरुवार. तरीच!" हे 'तरीच' कशाबद्दल, ते मात्र कधी सांगत नसत. समोरचा दिवसभर अस्वस्थ.

नागपूरच्या त्या सरकारी ऑफिसात मी टायपिस्ट म्हणून लागले, तेव्हा त्यांनी मलाही विचारलं. मी तारीख आणि महिना सांगितला, सन सांगितला नाही.

"काहून मॅडम, सन सरकारी गुपित हाय का?"

मी मान खाली घालून मशीनमध्ये कागद चढवला.

"ठीक हाय. सात वर्षांचे सात वार सांगतो. तुमचा तुमी मनात घ्या." आणि खरोखरच त्यांनी घडाघडा सात वार सांगितले. माझा त्यात होता आणि तो बरोबर होता. मी हसले नाही, पण त्यांना कळलं असावं. "तरीच," ते म्हणाले.

त्यांचं टेबल माझ्याशेजारी. साहेबांनी एकदा त्यांना मेमो दिला: अमुक तारखेला आपण गैरहजर होता, खुलासा करावा. बनसोडबाबूंनी खाली लिहिलं, 'त्या तारखेला रविवार होता. साहेब त्या दिवशी कुठे होते, याचा खुलासा मी मागत नाही.' मेमो परत आला नाही. साहेब मात्र त्यानंतर कॅलेंडर बघितल्याशिवाय सही करेनासे झाले.

डब्याच्या सुट्टीत त्यांनी मला युक्ती शिकवली. "सनाचे शेवटचे दोन आकडे घ्या. त्यात त्याचा चवथा हिस्सा मिळवा. मंग महिन्याचा ठरलेला आकडा, मंग तारीख. सात-सात फेकून द्या. चौदा ऑक्टोबर छप्पन्न घ्या. छप्पन्न, चौदा, ऑक्टोबरचा एक, तारखेचे चौदा. किती?"

माझं शिक्षण इंग्रजी शाळेत. 'पंच्याऐंशी' म्हणायला मला आधी एटी-फाइव्ह करावं लागे. तोवर ते थांबले.

"सात फेकून उरला एक. एक म्हंजे रविवार." मग जरा हळू म्हणाले, "ह्या तारखेचा वार मले काढा लागत नाही. मायचं बोट धरून मी होतो दीक्षाभूमीवर."

वयावरून तेव्हा ते चांगले विशीतले असणार; एवढा माणूस आईचं बोट धरून? मी विचारलं नाही. बारा महिन्यांचे आकडे मात्र आठवड्यात पाठ केले.

मग एका शनिवारी, अर्ध्या दिवसाचं ऑफिस सुटता सुटता, मीच धीर करून म्हटलं, "तुमची तारीख सांगा. मी वार काढते."

त्यांनी खिशातून रुमाल काढला. मग म्हणाले, "आठ ऑगस्ट चौतीस. कोतवाल बुकात जन्माची नोंद हाय, पक्की."

मी बोटांवर हिशेब केला. "बुधवार."

"बुधवारच. अन् माय म्हनते मंगळवार."

त्यांची आई उमरेडला, मोठ्या भावाकडे असे. आता फार थकली होती. लहानपणी ती त्यांच्या जन्माची गोष्ट सगळ्यांना सांगे: मंगळवार होता, कोंबडा आरवला अन् माहा वासुदेव झाला. मॅट्रिकच्या वर्षी ही युक्ती हाती लागली. पोरानं भर अंगणात, आळीतल्या बायांसमोर आईचा वार खोटा ठरवला.

"बाया हासल्या. माय काही बोलली नाही. पन ते गोष्ट तिनं पुन्हा कधी सांगितली नाही." ते रुमालाची घडी घालत राहिले. "हजार वेळा हिसाब केला, मॅडम. वाटे, एखाद्या वेळी तरी माहा चुकन. चुकतच नाही. आता ते किती दिवसाची? तिले खोटी पाडून ठेवली मी."

माझ्या डोक्यातून कोंबडा जाईना.

"कोंबडा आरवला, म्हणजे उजाडलं नव्हतं?"

"नसन उजाडलं."

"आमची आजी सूर्य उगवेपर्यंत आदलाच वार धरते. मंगळवारी पहाटे उठली तरी सोमवारचा उपास तिचा चालूच असतो. तारीख रात्री बाराला बदलते, तिचा वार नाही."

बनसोडबाबू माझ्याकडे बघत राहिले. मग छताकडे. या वेळी ओठ हलले नाहीत. "खेड्यातला मानूस मी," ते पुटपुटले, "अन् हे मले कॉन्व्हेंटवाल्या पोरीनं सांगावं!" छत्री टेबलाखालीच राहिली आणि ते उमरेडच्या एस.टी.साठी अक्षरशः पळाले.

सोमवारी ते उशिरा आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"सांगितलं?"

"सांगितलं. माय पोट धरून हासली. म्हने, सूर्य निंगल्याबिगर बुधवार कसा होईन गा, येड्या? मी म्हनलं, मंग एवढे वर्स बोलली काहून नाही?"

"मग?"

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला.

"म्हने, तू इचारलं कवा? तू त सांगून राहिला होता."

त्यांनी समोरची फाइल ओढली आणि तशीच बाजूला सारली. रजेचा अर्ज घेतला आणि स्वच्छ अक्षरात मंगळवारची रजा मागितली. कारणाच्या रकान्यात काय लिहावं म्हणून जरा थांबले आणि मग लिहिलं, 'आईला विचारणे आहे.'