पेंटरकाकांच्या दोनशे स्ट्रॉबेऱ्या

"फक्त वर्षभर थांब! ही हिरवळ उपटतो आणि रानस्ट्रॉबेरी लावतो. आपल्याच मातीतलं रोप, जमिनीलगत पसरतं, कापायची कटकट नाही आणि वर खायला फळ! लोक बघायला येतील, लोक!"

पेंटरकाकांनी कमरेवर हात ठेवून हे जाहीर केलं, तेव्हा काकूंच्या हातात फरशीचे नमुने होते. त्यांना मागचं अंगण पक्कं करून हवं होतं. झाडलं की स्वच्छ, पुसलं की लख्ख!

"हिरवळ लावलीत तेव्हाही लोक बघायला येणार होते," काकू म्हणाल्या. "एक मांजर आलं होतं."

बरीच घासाघीस होऊन शेवटी तह झाला. विहीणबाई, म्हणजे लेकीच्या सासूबाई, पुढच्या उन्हाळ्यात भेटायला येणार होत्या. त्या दिवशी बागेतल्या फळांनी एक वाटी भरली, तर बाग काकांची. नाही भरली, तर दुसऱ्या दिवशी फरशीवाला! नंतर वाद नको म्हणून काकूंनी सहांच्या संचातली एक वाटी काढून तिचा आकारसुद्धा दाखवून ठेवला.

आता काका कोण, तर चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. किराणा दुकानाच्या पाटीवर त्यांनी काढलेल्या मिरच्या बघून लोक शिंकत, असं काका स्वतः सांगत. मग फ्लेक्स आले. पाट्या यंत्रातून भसाभस छापून निघायला लागल्या आणि काकांचे ब्रश डब्यात जाऊन बसले. त्याचं त्यांना फार वाईट वाटे. कोणाला बोलून दाखवत नसत, पण आता निदान बाग तरी लोकांनी नावाजावी, अशी त्यांची फार इच्छा होती.

आणि बागेने नाव राखलं! बारा रोपं लावली होती. एकेका रोपाने जमिनीवरून दोरीसारखा लांब हात काढावा, तो टेकेल तिथे नवं रोप उभं राहावं, त्यानेही हात काढावा! वर्षाच्या आत माती दिसेनाशी झाली. तीन-तीन पानांची हिरवीगार चादर आणि वर पांढरी फुलं. काका रोज सकाळी चहा घेऊन तिथे उभे राहत, आणि कुंपणापलीकडे राहणारे दातांचे डॉक्टर दिसले की मुद्दाम खाकरत.

पहिली फळं लागली ती करंगळीच्या नखाएवढी. "रानातली आहेत. लहान मूर्ती, थोर कीर्ती!" काकांनी सांगून टाकलं. पण ती थोर कीर्ती आधी पक्ष्यांच्या कानावर गेली. दोन दिवसांत फळं साफ!

रोपवाटिकेतल्या माळ्याने उपाय सांगितला. "लाल रंगवलेले खडे टाका झाडांत. पक्षी चोच मारतात, चोच दुखते, मग फिरकत नाहीत. नुसता लाल रंग फासला तरी चालतो."

नुसता लाल रंग फासायचा? काकांना ते वाक्य फार लागलं. फासायला ते काय भिंत रंगवणारे होते? त्यांनी डबा उघडला, शून्य नंबरचा ब्रश काढला आणि मागच्या खोलीत दार लावून बसले. दोनशे खडे! एकेकावर तीन हात लाल, टोकाशी थोडा फिका, कोवळेपणा दिसावा म्हणून. त्यावर पिवळ्या बारीक बिया. डोक्यावर हिरवी टोपी. शेवटी वार्निश, म्हणजे दवाचा ओलावा! बेत पक्ष्यांपर्यंत जाऊ नये म्हणून त्यांनी तो बायकोलाही सांगितला नाही. कित्येक वर्षांनी हाताला रंग लागला होता. काका शीळ घालत होते आणि काकूंना वाटत होतं, यांचं काहीतरी बिनसलंय.

शंभरेक खडे झाडांत गेले. उरलेले वाळले तसे त्यांनी संचातल्याच एका वाटीत भरले आणि नंतर टाकू म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले.

उजाडला तो दिवस! काका पहाटेच वाटी घेऊन बागेत उतरले. सगळी बाग पालथी घातल्यावर फळं मिळाली अकरा. वाटीचा तळसुद्धा झाकेना! चला, अजून एक फेरी, म्हणून काका परत गुडघ्यांवर बसले. तेवढ्यात विहीणबाई तासभर आधीच येऊन थडकल्या.

काकू लगबगीने स्वयंपाकघरात गेल्या आणि खिडकीकडे बघून थबकल्या. वाटी शिगोशीग भरलेली! लालचुटूक! त्यांनी उचलली तर हाताला चांगली जड लागली. रसाने भरलीत नुसती! काकूंना भरून आलं. वर्षभर आपण या माणसाला टोचून बोललो! पश्चात्तापाच्या भरात त्यांनी वर घसघशीत साय घातली, दोन चमचे साखर भुरभुरवली आणि वाटी विहीणबाईंपुढे ठेवली.

"ह्यांच्या बागेतली आहेत हो! ह्यांनी स्वतः कष्टाने केलीत."

दुसरं वाक्य तर अक्षरशः खरं होतं.

हात पुसत काका दारात आले आणि त्यांचा पाय उंबऱ्यावरच खिळला. विहीणबाईंनी चमचा उचलला होता. सायीतून एक लालभडक टोक डोकावत होतं. आता ओरडायचं, एवढंच काम होतं! काकांनी तोंड उघडलंही.

"अगंबाई, काय सुरेख!" विहीणबाई म्हणाल्या. "रंग तर बघा! आणि ह्या बिया! कशा एकेक मोजून बसवल्यासारख्या!"

काकांचं तोंड उघडंच राहिलं. चाळीस वर्षांत बियांबद्दल कोणी बोललं नव्हतं! ओरडणार होते हो ते, नक्की ओरडणार होते. फक्त अजून एक वाक्य ऐकावं आणि मग...

"जणू देवाने स्वतः ब्रश घेऊन..."

कट्ट!

पुढचा अर्धा तास पळापळीत गेला. दाढेचा कोपरा उडाला होता. सायीने माखलेला खडा पुरावा म्हणून रुमालात बांधून सगळे कुंपणापलीकडे डॉक्टरांकडे धावले. विहीणबाई खुर्चीत आ करून पडल्या. डॉक्टरांनी दाढ बघितली, मग खडा धुऊन उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिले.

"हा दगड आहे?"

"हो," काका मान खाली घालून म्हणाले.

"अहो, काल मी तुमच्या कुंपणातून हात घालून एक तोडायला गेलो. देठच सापडेना! मला वाटलं कच्चं आहे."

"म्हणजे तुम्हालाही कळलं नाही?" काकांची मान ताडकन वर. "बोटांत धरूनसुद्धा? बघा विहीणबाई, डॉक्टर माणूस, पण—"

"अहो!" काकू एवढंच म्हणाल्या.

घरी आल्यावर काका गुपचूप ती अकरा फळांची वाटी घेऊन आले. आता लपवण्यासारखं उरलं तरी काय होतं? विहीणबाईंनी आधी वाटी हलवून बघितली. वाजली नाही. मग एक फळ शाबूत बाजूने चघळलं, डोळे मिटले आणि एकेक करत अकराच्या अकरा संपवली.

"फरशीबिरशी काही घालायची नाही," बधिर ओठांनी त्यांनी निकाल दिला. "एवढीशी ती, पण घरभर वास! पुढच्या वर्षी मी पुन्हा येणार."

पाहुणीचा शब्द, आणि तोही आपणच दाढ मोडलेल्या पाहुणीचा, काकूंना मोडवेना. त्यांनी फरशीचे नमुने माळ्यावर टाकले.

संध्याकाळी काकांनी काकूंना बागेत नेलं. छाती चांगली फुगलेली होती.

"विहीणबाई फसल्या, डॉक्टर फसले, तू फसलीस! आणि सकाळपासून एकही पक्षी फिरकलेला नाही. याला म्हणतात हात! हा बघ, हा यातला सर्वांत उत्तम जमलाय. बियांची ठेवण बघ, टोपीची ती वळलेली कडा बघ. असा खडा पुन्हा माझ्याच्यानेही व्हायचा नाही!"

काकू कौतुकाने वाकल्या. तेवढ्यात कुंपणावरून एक चिमणीएवढा पक्षी उतरला. शंभर खड्यांमधून टुणटुण उड्या मारत, एकाकडेही न बघता, तो थेट काकांच्या बोटापाशी आला, त्यांचा तो सर्वांत उत्तम खडा देठावरून तोडला आणि गिळून उडून गेला.