टेलरकाकांचा पास्ता

लेकीने फोनवर अटच घातली. "बाबा, आज आठला मी येतेय. तुमच्या हातचं धड जेवण माझ्यासमोर आलं, तर राहा एकटे. नाहीतर बॅग भरायची नि माझ्याकडे चलायचं."

काकू गेल्यापासून चार महिने टेलरकाका चहा-टोस्टवर दिवस काढत होते आणि फोनवर "पोटभर जेवलो गं" म्हणत होते. पण दुकान खाली, घर वर. हे सोडून जायचं म्हणजे त्यांचा जीवच निघाला असता. पदार्थही लेकीनेच ठरवून दिला. पास्ता, पालक आणि डब्यातला राजमा. वीस मिनिटांचं काम. "दोघांना पास्त्याचं एक पाकीट, पालकाच्या चार जुड्या."

आता, चाळीस वर्षं कात्री चालवलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. कापड पाण्यात घातलं की आटतं, म्हणून आधीच जास्त घ्यावं. एक पाकीट उकळून उरणार किती? काकांनी तीन पाकिटं ओतली. पालकाची मात्र एकच जुडी घेतली. एवढा पाला खाणार कोण?

दहा मिनिटांत पास्ता पातेल्याबाहेर डोकावू लागला. काकांनी थोडा कुकरमध्ये काढला, थोडा परातीत. मग कपडे भिजवायच्या बादलीकडे नजर गेली, पण त्यांची त्यांनाच लाज वाटली. तिकडे कढईतला पालक चमचाभर उरला होता.

"म्हणजे आटणारा तू होतास होय रे!" काका कढईवर खेकसले आणि चपला अडकवून आणखी पालक आणायला खाली धावले.

तिसऱ्या खेपेला भाजीवालीने कमरेवर हात ठेवले. "काका, घरात बकरी बांधलीय का?"

काकांनी खरं ते सांगितलं. ती वर आली, परात पाहिली आणि खिडकीतून समोरच्या इस्त्रीवाल्याला हाक मारली, "ताटली घेऊन या हो! काकांनी अख्ख्या गल्लीचं रांधलंय!"

आठ वाजता लेक मोठी रिकामी बॅग घेऊन दारात उभी राहिली. घरातल्या कापड बेतायच्या टेबलावर भाजीवाली आणि इस्त्रीवाला मजेत जेवत होते.

"बाबा, दोघांचं सांगितलं होतं ना?"

"पाण्यात आटेल असं वाटलं गं."

लेक हसू दाबत जेवायला बसली. मीठ जरा कमी होतं. तरी तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. तिसऱ्यांदा घ्यायला उठली, तेव्हा काकांची नजर तिच्या कमरेवर गेली. पँट पट्ट्याने आवळून चुण्या पडल्या होत्या.

"ही पँट मी शिवलीय. कमरेत तीन बोटं सैल झालीय."

"धुऊन धुऊन झाली असेल, बाबा."

"कापड पाण्यात आटतं, बाळ. सैल होत नाही." काकांचा आवाज मऊ झाला. "रात्री काय जेवतेस तू?"

लेकीने ताटलीत चमचा फिरवला. "बिस्किटं," ती म्हणाली. "आई गेल्यापासून एकटीसाठी कुकर लावावासाच वाटत नाही."

काकांचे डोळे भरून आले. ते उठले आणि घरात होते नव्हते तेवढे डबे काढून पास्त्याने भरू लागले.

लेक निघाली तेव्हा बॅग डब्यांनी गच्च भरलेली होती. काका ती खालपर्यंत स्वतः घेऊन गेले.

"सरळ धर, सांडेल. आणि रविवारी ये. मी मापाची टेप घेऊन बसणार आहे."