भुताच्या दाराची कुरकुर

"आज कुठल्याही लाकडाला हात लावायचा नाही," मिस्त्रींच्या बायकोनं निघताना बजावलं. "लावलात, तर उद्या पलीकडच्या गल्लीतल्या सुताराला बोलावून आपलं स्वयंपाकघराचं दार दुरुस्त करून घेईन."

धमकी साधी नव्हती. सुतारकामात मिस्त्रींचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत. गावभरची दारं त्यांनी गप्प केली होती. घरचं स्वयंपाकघराचं दार मात्र अकरा वर्षं उघडताना कण्हत होतं आणि लावताना रडत होतं. ते येत्या रविवारी दुरुस्त होणार होतं, दर आठवड्याला. त्या दारासाठी पलीकडचा सुतार पेटी घेऊन आला असता, तर मिस्त्रींना तोंड दाखवायला जागा उरली नसती. त्यांनी निमूटपणे कबूल केलं.

बायकोचंही काही चुकत नव्हतं. भाचीच्या लग्नात फोटोच्या वेळी मिस्त्री डगमगणाऱ्या टेबलाखाली होते. फोटोत त्यांचे फक्त पाय आले. आज तिला भुताचं नाटक बघायचं होतं, नवरा शेजारी बसलेला असताना मनसोक्त घाबरायचं होतं, एवढंच. तिनं त्यांचे खिसे तपासून पेचकस आणि टेप काढून घेतला. कानामागची पेन्सिल तिच्या नजरेला इतकी सवयीची झाली होती, की ती तेवढी राहून गेली.

प्रयोग दुपारचा होता आणि जागा दुसऱ्या रांगेत. रंगमंचावर जुना बंगला आणि मधोमध मोठं दार होतं. ते दार आपोआप कर्रर करत उघडलं आणि सगळं सभागृह शहारलं. बायकोनं मिस्त्रींचा दंड घट्ट धरला. मिस्त्रीही अस्वस्थ झाले होते, पण वेगळ्या कारणानं.

"वरची बिजागरी," ते पुटपुटले.

"अहो, भूत येतंय."

"येऊ दे की. पण वरची बिजागरी कोरडी पडलीय."

पहिल्या अंकात दार आणखी चार वेळा कुरकुरलं. चौथ्या वेळी मिस्त्रींना घाम फुटला. मध्यंतर होताच त्यांनी गुडघा धरला, फार दुखतोय म्हणाले आणि बायकोच्या पर्समधलं गुडघ्याचं कापूर घातलेलं तेल मागितलं. जन्मात कधी दुखणं न सांगणारा नवरा असं म्हणतोय, हे बघून तिचा जीव कळवळला. जपून चोळा, असं सांगत तिनं बाटली त्यांच्या हातात दिली.

कानामागे पेन्सिल लावून ठाम पावलं टाकत जाणाऱ्या माणसाला रंगमंचामागे कुणी अडवत नाही. मिस्त्रींनी वरच्या बिजागरीला तेल सोडलं, मग मधल्या, मग खालच्या. दिलेला शब्द आठवून दार बुटाच्या टोकानं दोनदा ढकलून पाहिलं. दारानं चकार शब्द काढला नाही. ते जागेवर परतले तेव्हा पोटभर जेवल्यासारखे तृप्त दिसत होते.

दुसऱ्या अंकात बंगल्याचा मालक प्रेक्षकांकडे तोंड करून पत्र वाचत होता. दार कुरकुरलं की त्यानं दचकून वळायचं आणि दिवेवाल्यानं निळा उजेड टाकायचा, असं सगळं त्या आवाजावर बेतलेलं होतं. दार उघडलं, आवाज आला नाही आणि भूत लख्ख पिवळ्या उजेडात येऊन उभं राहिलं. मालकानं पत्र संपवलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. भूत जरासं खाकरलं. शेवटी कंटाळून त्यानं मालकाच्या खांद्यावर हात ठेवला.

मालकानं फोडलेली किंकाळी नाटकातली नव्हती. तो पत्रासकट पहिल्या रांगेत येऊन पडला. त्याला घाबरून भूत ओरडत आत पळालं, आणि भूतच पळालं म्हटल्यावर प्रेक्षकांचा धीर सुटला. पडदा पडला. सगळ्या गोंधळात एकटी मिस्त्रींची बायको शांत बसली होती. रंगमंचावरून कापराचा ओळखीचा वास येत होता.

"गुडघा कसा आहे?" तिनं विचारलं.

"मी लाकडाला हात लावला नाही," मिस्त्री म्हणाले. "बिजागरी लोखंडाची असते."

तेवढ्यात दिग्दर्शक पडद्याबाहेर आला आणि दाराला तेल कुणी घातलं म्हणून विचारू लागला. केलेलं काम नाकारणं मिस्त्रींच्या स्वभावात नव्हतं. ते ताठ उभे राहिले. दिग्दर्शक रडकुंडीला आला होता. तो आवाज शोधायला त्याला तीन महिने लागले होते, आणि प्रयोग उद्याही होता. दार होतं तसं कुरकुरतं करून द्या, एवढंच तो म्हणाला. तीस वर्षांत मिस्त्रींनी दारं गप्पच केली होती. बोलती कशी करायची, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

बायको उठली. "उद्या सकाळी आमच्याकडे या," तिनं दिग्दर्शकाला सांगितलं. "स्वयंपाकघराच्या दाराच्या बिजागऱ्या घेऊन जा. अकरा वर्षं मुरल्यात."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी त्या स्वतःच्या हातानं काढून दिल्या. दार मोकळं कसं ठेवणार, म्हणून लगेच नव्या बसवल्या, तेही रविवार नसताना. दुपारी दिग्दर्शकानं दोघांना मानानं पहिल्या रांगेत बसवलं. दार कण्हत उघडलं, सभागृहाच्या अंगावर काटा आला आणि मिस्त्री खुर्चीतून उठू लागले. बायकोनं दंड धरून त्यांना खाली बसवलं.

"नीट ऐका," ती म्हणाली. "रोज सकाळी चहा ठेवायला गेले की मी हेच ऐकत होते."

मिस्त्रींनी ऐकलं. मग त्यांनीच तिचा हात घट्ट धरला.