घाडीकाकांचा वारस

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी सात वाजता दिंडोशीतल्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसात चार जण हजर होते. अध्यक्ष बोरकर, चिटणीस नाईकबाई, खजिनदार म्हणून मी, आणि समोरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक पाय वर घेऊन बसलेले दुसऱ्या मजल्यावरचे घाडीकाका. रक्कम होती रुपये शंभर फक्त.

आपल्या पश्चात फ्लॅट कोणाच्या नावे करावा हे सभासदानं एका फॉर्मवर लिहून द्यायचं असतं. पहिल्या वेळी फुकट. नंतर नाव बदलायचं तर शंभर रुपये. घाडीकाकांच्या फॉर्मवर अकरा वर्षांपूर्वी वारलेल्या त्यांच्या बायकोचं, सुमनकाकूंचं नाव अजून तसंच होतं. ते बदलायला ते आले होते.

नाईकबाईंनी नवा फॉर्म वाचायला घेतला आणि मध्येच थांबल्या.

'नाव, श्रीमती यशोदा राणे. वय सत्त्याऐंशी. सभासदाशी नातं...' त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. 'काका, इथे राजमाता लिहिलंय.'

'आहेच ती.'

'अहो, ती तुमची सासू ना? मग सासू लिहा की,' बोरकर म्हणाले. 'आणि तुमचं वय एकोणसत्तर. वारस पुढच्या पिढीतला असतो. तुम्ही मागच्या पिढीला गादी देताय.'

'नियम दाखव.'

बोरकरांनी माझ्याकडे पाहिलं. मी उपविधींचं पुस्तक काढून नामनिर्देशनाचं कलम दोनदा वाचलं. वारस सभासदापेक्षा वयानं लहान असावा, असं त्यात कुठेही नव्हतं. मी तसं सांगितलं. बोरकरांना ते आवडलं नाही, पण नव्हतं ते नव्हतं. राजमाता हे नातं मात्र कुठल्याच सरकारी कागदावर चालत नाही. फॉर्म परत गेला. तीन प्रती नव्यानं भरून आणायच्या, असं ठरलं.

तुम्हाला वाटेल, माणूस चक्रम आहे. सोसायटीतल्या बऱ्याच जणांचं तेच मत आहे. मी त्यांना एकोणीस वर्षं ओळखतो आणि माझं मत थोडं वेगळं आहे, पण पहिल्या दिवशी माझंही तेच होतं.

आम्ही इथे राहायला आलो त्या दिवशी वास्तुशांतीला घाडीकाका पेढा खायला आले. घर फिरून पाहिलं, स्वयंपाकघराचा ओटा हातानं चाचपला, 'झकास' म्हणाले. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, 'आणि पश्चात?'

मी तेव्हा तेहतीस वर्षांचा होतो. मला प्रश्नच कळला नाही.

हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न. कोणी नवीन फ्रिज आणला, पाच वर्षांची वॉरंटी म्हणून सांगितलं, की 'आणि पश्चात?' कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी दवाखान्याची पंचविशी साजरी केली, तिथेही तोंडात समोसा असताना 'आणि पश्चात?' पेपरात कुठल्याही पुढाऱ्याचा फोटो दिसला की बोट ठेवून तेच. 'राजेशाही गेली म्हणतात,' ते सांगतात. 'तिकिटं कोणाला मिळतात बघ. मुलगा, पुतण्या, जावई, सून. राजा गेला रे, दरबार आहे तिथेच बसलाय.'

तरुणपणी ते गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात स्टोअरकीपर झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. स्टोअरला लागून रद्दीची खोली होती. तिच्यात कधीतरी संस्थानांच्या जुन्या बखरींचा आणि अहवालांचा एक गठ्ठा येऊन पडला. तो काकांनी जेवणाच्या सुट्टीत वाचायला घेतला आणि मग ते त्यातून बाहेर आलेच नाहीत. तेव्हापासून आमचा वॉचमन किल्लेदार आहे आणि खजिनदार म्हणून मी पोतनीस. बोरकरांना मात्र ते नुसतं बोरकर म्हणतात. 'त्याला पदवी दिली तर तो खरी समजेल.'

गंमत म्हणजे राजे कसे लढले, त्यांनी काय जिंकलं, यात त्यांना काही रस नाही. कोणी लढाईचा विषय काढला तर ते जांभई देतात. त्यांचा अभ्यास सुरू होतो राजा मेल्यानंतर.

'लढाईत राज्यं जातात असं शाळेत शिकवतात,' एकदा ते मला म्हणाले. 'चूक. राज्यं जातात बाराव्या दिवशी. जेवणं झाली, पाहुणे हात धुऊन बसले, की कोणीतरी विचारतं, आता पुढे काय? तिथे जातात.'

'आणि मग?'

'मग पहिली हकालपट्टी कोणाची? सांग.'

'सेनापतीची.'

'तो नवीन राजाला पण लागतो.'

'खजिनदाराची,' मी थोडा दबकत म्हणालो.

'तू तर सगळ्यात आधी लागतोस. चाव्या तुझ्याकडे. नाही रे पोतनीस. पहिली जाते ती म्हातारी. मागच्या गादीची म्हातारी.'

या अभ्यासाची त्यांच्याकडे एक वही आहे, लांबोळकी, स्टोअरच्या नोंदवहीसारखी आखलेली. पहिल्या रकान्यात राजा, दुसऱ्यात तो कशानं गेला, तिसऱ्यात गादीवर कोण आलं, त्या बदलाचा मुलखावर काय परिणाम झाला ते चौथ्यात. कर वाढला, दिवाण बदलला, दत्तक नामंजूर करून इंग्रजानं संस्थान खालसा केलं, असं सगळं बारीक अक्षरात. पाचव्या रकान्याला मथळा होता, 'म्हातारी'. तो पानोपान कोरा.

मी हिशेबाचा माणूस. रिकामा रकाना मला खुपतो. मी म्हटलं, 'काका, भरायचा नसेल तर आखलाय कशाला?'

'भरायचाच आहे. लिहिलेलंच सापडत नाही कुठे. हत्ती किती, घोडे किती, सगळं आहे. तिला जेवायला कोण वाढत होतं ते नाही.'

मी तेव्हा ते विद्वानांचं दुखणं समजून सोडून दिलं.

राजमाता म्हणजे यशोदाआजी. सुमनकाकू आजारी पडल्या तेव्हा लेकीला बघायला म्हणून दोन महिन्यांसाठी मालवणकडच्या गावातून आल्या. दोन महिन्यांनी काकू गेल्या. आजी मात्र राहिल्या. गावच्या घराचं छप्पर बसलं होतं आणि दुसरं मूल नव्हतं. बाराव्याच्या जेवणाला मी होतो. हात धुता धुता काकांच्या एका नातेवाइकानं विचारलं होतं, 'आता म्हातारीचं काय?' काका त्या वेळी पानं उचलत होते. ते म्हणाले, 'काय म्हणजे? तिची औषधं पाचला असतात.' एवढ्यावर तो विषय संपला तो संपला.

मी दर रविवारी अकरा वाजता त्यांच्याकडे चहाला जातो. ठरलेलं दृश्य असतं. आजी जमिनीवर पाय पसरून लसूण सोलत बसलेल्या, काका खुर्चीत वही वाचून दाखवताहेत. कुठल्याशा राजानं तीर्थयात्रेत देह ठेवला, असं काकांनी वाचलं की आजी मान वर न करता विचारतात, 'ह्यो पण मेलो?'

'मेला.'

'मगे पुढचो वाचा.'

जेवणात बांगडा असेल तर काका आधी आजींच्या ताटातले काटे काढून देतात, मग स्वतः बसतात. आजींना दिसतं कमी. जावयाला त्या अजून अहो-जाहो करतात आणि समोर आला की पदर सारखा करतात. अकरा वर्षांत त्यात फरक नाही.

तर फॉर्म परत गेला त्या रविवारी मी जिना चढून त्यांच्या मागे गेलो. दोन मजले चढताना काका तीनदा थांबले. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा म्हणाले, 'पोतनीस, पुढची मीटिंग कधी?'

'पुढच्या महिन्यात.'

'नको. या आठवड्यात घ्या.'

'एवढी काय घाई आहे?'

त्यांनी कठड्याला हात लावला आणि इकडे तिकडे पाहिलं. 'सोमवारी बायपास आहे. येत्या नाही, त्याच्या पुढच्या. अंधेरीला. तिला सांगितलं नाहीये. आठ दिवस किल्ले बघायला जातोय असं सांगितलंय.'

मी काही बोलायच्या आत तेच पुढे म्हणाले, 'घाबरू नकोस. डॉक्टर म्हणाले, शंभरात अठ्ठ्याण्णव जण घरी येतात. मी म्हटलं, आणि पश्चात? ते म्हणाले, पथ्य पाळा. पण मी त्या दोनांतला निघालो तर? कायदा वाचलाय मी. जावयाच्या मागे सासूचा कशावर काडीचा हक्क नाही. सगळं जातं कुर्ल्याला.'

काकांना मूलबाळ नाही. कुर्ल्याला म्हणजे त्यांच्या पुतण्याकडे, संदेशकडे. तो दर दिवाळीला फराळ घेऊन येतो. मागच्या दिवाळीला त्यानं चकली खाता खाता विचारलं होतं, 'काका, कारपेट एरिया किती हो या फ्लॅटचा?'

तिथे जिन्यातच मी त्यांना स्पष्ट सांगितलं, कारण अर्धवट सांगणं मला जमत नाही. सोसायटीच्या फॉर्मवर नाव घातलं म्हणजे आजी मालक होत नाहीत. सोसायटी कागद त्यांच्या हाती देईल, पण मालकी कायदेशीर वारसाचीच. त्याला मृत्युपत्र लागतं.

'केलंय. दोन साक्षीदार, नोंदणी, सगळं. ती आहे तोवर घर तिचं. नंतर संदेशचं.' ते एक पायरी चढले. 'पोरगा वाईट नाही रे. पण राज्यं वाईट माणसांमुळे जात नाहीत. घाई झालेल्यांमुळे जातात. म्हणून एक तटबंदी पुरत नाही.'

मला त्या पाचव्या रकान्याचा अर्थ तिथे, दीड मजल्यावर, कळला. एकोणीस वर्षांपैकी अकरा वर्षं मी तो बघत होतो.

तातडीची सभा मी गुरुवारी लावून घेतली. बोरकर कुरकुरले, 'त्यांचं काय राज्य बुडतंय का?' मी म्हटलं, 'हो.' मग ते आले. फॉर्मच्या तिन्ही प्रतींवर नातं 'सासू' लिहिलेलं होतं. अक्षर नाराज दिसत होतं, पण स्वच्छ होतं. ठराव झाला, इतिवृत्तात नोंद झाली, सह्या झाल्या. शंभर रुपये मात्र काका वर विसरून आले होते. 'दत्तकाचा नजराणा,' म्हणाले. 'इंग्रजसुद्धा घेत होते. देतो उद्या.' पण उद्या त्यांच्या तपासण्या निघाल्या आणि ते राहून गेलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते अंधेरीला दाखल झाले. सोमवारी ऑपरेशन नीट झालं. मंगळवारी दुपारी फोन आला तसा मी फॉर्मची सभासदाला द्यायची प्रत घेऊन वर गेलो. ती घरात ठेवायची असते, आणि आजी एकट्या होत्या, हेही होतंच. दार उघडंच होतं. त्या नेहमीच्या जागी लसूण घेऊन बसल्या होत्या.

'झाला?' त्यांनी विचारलं.

'काय झालं, आजी?'

'आपरेशन.'

मी किल्ल्यांचं काहीतरी सांगायला लागलो.

'किल्ले बघूक कोण रिपोर्टाची पिशवी घेवन जाता?' त्या म्हणाल्या. 'माका कमी दिसता, पण कमी कळना नाय. बरे आसत मां?'

'बरे आहेत. शुद्धीवर आलेत. चहा मागितला म्हणे.'

त्यांनी एक पाकळी सोलली, ताटलीत ठेवली. मग माझ्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. मी वाचून दाखवला. काकांचं नाव, त्यांचं नाव, वय, नातं. त्याचा अर्थ काय, तोही सांगितला. त्यांनी तो पुन्हा एकदा वाचायला लावला. पदरानं डोळे वगैरे काही पुसले नाहीत. म्हणाल्या, 'ह्या झाला ते आधी गेले तर. आणि मी आधी गेलंय तर ह्यांका कोण? ता खंय लिवलास?'

मी कागद उलटसुलट केला. उगाचच केला. मला तो तोंडपाठ आहे.

'ते यात नसतं, आजी.'

'मगे कसलो कागद ह्यो.'

'आम्ही आहोत की. मी आहे.'

'तू रविवारी येतस,' त्या म्हणाल्या. 'आटवड्याक दीस सात.'

हिशेब बरोबर होता. मी म्हटलं, बुधवारीही येत जाईन. त्यांनी मान हलवली, म्हणजे बुधवार मंजूर. बाकीच्या पाचांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी ते सोडलेही नसावेत.

मी उठलो तेव्हा त्यांनी विचारलं, 'ह्येचे पैसे भरलेनी?'

'राहिलेत. काका आले की देतील. घाई नाही.'

'रवलेला बरा नाय.' त्यांनी कमरेची पिशवी सोडली. आत पन्नासाची एक आणि दहाच्या पाच नोटा होत्या. मी मोजल्या. त्यांनीही माझ्यासमोर बोटानं चाचपून पुन्हा मोजल्या. मी खाली जाऊन पावतीपुस्तक आणलं. त्या म्हणाल्या, 'माज्या नावान फाड.' मी सांगितलं, पावती सभासदाच्याच नावे निघते, तो नियम आहे; पण पैसे कोणी आणून दिले ते लिहायला जागा असते. तिथे तुमचं नाव लिहितो.

काका आता घरी आले आहेत, जिना एका दमात चढतात, वही पुढे चालू आहे. पैसे भरायचं अजून त्यांच्या डोक्यात आहे. दर बुधवारी विचारतात, दर बुधवारी मी म्हणतो, बघू. पावती आजींच्या पिशवीत आहे आणि काकांना ते सांगायचं नाही, अशी मला आजींची ताकीद आहे. तिच्यावर असं आहे: सभासद, श्री. वसंत घाडी. नामनिर्देशन बदल शुल्क रुपये शंभर, रोख, सोसायटीस मिळाले. हस्ते, श्रीमती यशोदा राणे.