हुप्पेराव उतरले

एका जंगलात, मुलांनो, कुणालाच कुठे जायची घाई नव्हती. म्हणूनच तिथे चाळीस कोसांची घोडदौड सुरू झाली.

दौडीचा नियम साधा होता. दर दहा कोसांवर थांबायचं. तिथे लांब चोचीचे ढोक डॉक्टर एका पायावर उभे राहून घोड्याच्या छातीला कान लावायचे. अर्ध्या तासात ठोके चौसष्टच्या आत आले तर जोडी पुढे, नाही आले तर जोडी बाद. शेवटची रेषा ओलांडल्यावरही पुन्हा कान लावायचे, आणि तिथे तर अर्धा तास संपतानाही ठोके चौसष्टच्या आतच हवेत. पाठीवर बसलेल्याच्या छातीला मात्र कुणी कान लावायचं नाही. तो स्वार. त्याला काय धाड भरलीय?

या दौडीत भुरी नावाची घोडी होती. लागोपाठ दोन वर्षं ती ठोक्यांपायी बाद झाली होती. तिसऱ्यांदा झाली तर तिला चुन्याच्या घाणीला जुंपायचं, असं सिंहमहाराजांनी ठरवून टाकलं होतं. म्हणजे जन्मभर गोल गोल फिरायचं आणि चुना मळायचा. भुरीला तर वळणाचा रस्तासुद्धा आवडायचा नाही.

तिच्यावर बसले होते हुप्पेराव वानर. हुप्पेरावांनी घोडेस्वारीवर तीन व्याख्यानं ऐकली होती आणि पाच दिली होती. घोड्यावर बसायची ही त्यांची तिसरी वेळ. पहिल्या दोन वेळाही भुरीच होती.

पहिल्या थांब्यावर भुरीचे ठोके सत्तर भरले. हुप्पेराव तिच्या कानाशी उभे राहिले आणि चार झाडांपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "रिलॅक्स, भुरे. अगं, रिलॅक्स म्हणतोय ना मी?"

ठोके शहात्तर झाले.

अर्धा तास सरत आला, तसं डॉक्टरांनी हुप्पेरावांना पाणी आणायला पिटाळलं. ते टेकाडाआड जातात न जातात तोच ठोके बावन्नवर आले. डॉक्टरांनी वहीत लिहिलं, ‘येथील पाणी गुणकारी.’ पाणी अजून यायचं होतं.

दुसऱ्या थांब्यावर हेच झालं. तिसऱ्यावरही. तीन थांब्यांवरचं पाणी गुणकारी निघालं, पण गुण कुठे आहे ते शिकल्यासवरल्या ढोकाला काही कळलं नाही.

शेवटचा अर्धा कोस उरला होता. तेवढ्यात घाणेरीच्या झुडपातून काहीतरी फडफडाट करत उडालं. दचकू नका, तितर होता. पण भुरी दचकली आणि एक पाऊल बाजूला झाली. हुप्पेराव मात्र सरळच गेले.

ते घाणेरीत डोकं खाली, शेपूट वर असे थांबले. भुरीने विचारलं, लागलं का? हुप्पेरावांनी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, त्यावरून फारसं लागलं नसावं. तिने पाठ पुढे केली, तर म्हणाले, तुझ्यावर परत बसायला मी काय वेडा आहे? चालू लाग पुढे.

भुरी चालू लागली. रेषा ओलांडली तेव्हा तिचे ठोके अठ्ठेचाळीस होते. पण पाठ रिकामी. महाराजांनी नियम वाचायला लावला. स्वार उतरून चालत आला तर जोडी पास. स्वार पडला तर बाद. मग सगळे वाट पाहत बसले. डॉक्टरांनी कान तिच्या छातीलाच ठेवला, कारण अर्धा तास अजून संपला नव्हता.

हुप्पेराव आले. लंगडत, अंगभर काटे, कानात घाणेरीचं फूल. कुणी विचारायच्या आत म्हणाले, "शेवटी शेवटी मला हिची फार दया आली हो. मी उतरलो."

दोन सांबरांनी डोळे पुसले.

"का गं भुरे," महाराजांनी विचारलं, "उतरले का हे?"

हुप्पेराव जवळ सरकले. ठोके अठ्ठावन्न झाले. मग साठ. मग त्रेसष्ट. भुरीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि एकदा मैदानाच्या कडेला असलेल्या घाणीकडे. त्या घाणीला या घडीला बैल नव्हता.

"उतरले, महाराज," भुरी म्हणाली. "इतक्या चटकन उतरलेलं मी आजवर कुणाला पाहिलं नाही."

ठोके भराभर खाली आले. शेहेचाळीस. डॉक्टरांनी लिहिलं, ‘दयेचा परिणाम.’

जोडी पास झाली. हुप्पेरावांना भूतदयेचं पदक मिळालं आणि सहाव्या व्याख्यानाला विषय. पुढच्या वर्षीपासून शेवटच्या अर्ध्या कोसात प्रत्येक स्वाराने दया दाखवलीच पाहिजे, असा नियम झाला. काही स्वार इतक्या जोरात दया दाखवू लागले की त्यांची हाडं बसवायला वैद्य नेमावा लागला. घोड्यांची मात्र एकही तक्रार आली नाही.

तात्पर्य : पाठीवर बसलेल्याला खुशाल पडू द्यावं. फक्त तो पडला असं चारचौघांत म्हणू नये. उतरला म्हणावं.