अनोळखी प्रोसेसरचा बंदोबस्त

सुरक्षिततेला खरा धोका वापरापासून असतो. जी वस्तू कोणी वापरत नाही ती बिघडत नाही, हरवत नाही आणि तिच्याबद्दल तक्रारही येत नाही. हे पुष्कळांना कळते, पण अंमलात आणण्याचे धैर्य फार थोड्या कार्यालयांत असते. क्रेनचालकांना परवाने देणारे आमचे कार्यालय त्या थोड्यांपैकी एक आहे, आणि तेथील संगणक कक्षाचा प्रमुख लिपिक या नात्याने हा वृत्तान्त मी अभिमानाने लिहीत आहे.

गेल्या वर्षी आम्हाला अकरा नवे संगणक मिळाले. नवा प्रोसेसर, नवी ऑपरेटिंग सिस्टीम, आणि वरची बाजू कोणती हे कळावे म्हणून खोक्यांवर मोठाले बाण. (तरी तीन खोकी उलटी ठेवली गेली. बाण कोणी पाहायचे हे परिपत्रकात नव्हते.) जुने संगणक त्याच दिवशी सकाळी रवाना झाले होते, कारण जुने गेल्याची पोच दाखवल्याशिवाय नवे उतरवून घेता येत नाहीत.

आमचा अँटिव्हायरस मात्र चार वर्षांपूर्वीचा आणि सात वर्षांच्या मुदतीचा होता. तो पहिल्या नव्या संगणकात घातला. त्याने अकरा मिनिटे विचार केला आणि पडद्यावर लिहिले, ‘हा प्रोसेसर ओळखीचा नाही. कृपया ओळखीच्या संगणकावर प्रयत्न करावा.’ एवढ्या नम्रपणे नकार देणारा कर्मचारी आमच्याकडे दुसरा नाही. संगणक पुन्हा खोक्यात गेला.

मी कंपनीच्या मदत केंद्रात फोन लावला. तिथल्या बाई अतिशय गोड बोलत होत्या.

“साहेब, तुमचा प्रोसेसर आमच्या तक्त्यात तिसऱ्या रकान्यात आहे.”

“तिसरा रकाना कसला?”

“पहिला ‘चालतो’, दुसरा ‘चालत नाही’ आणि तिसरा ‘पाहतो आहोत’.”

“मग किती दिवस पाहणार?”

“पाहायला तुमचा अहवाल नको का? सात दिवस संगणक चालवा आणि कसा चालला ते कळवा.”

आता आमच्या नियमावलीतला सतरावा नियम असा, की अँटिव्हायरस बसल्याखेरीज (तो बसवण्यापुरते सोडून) कोणताही संगणक सुरू करू नये. म्हणजे संगणक चालवल्याशिवाय अँटिव्हायरस नाही आणि अँटिव्हायरसशिवाय संगणक चालवायचा नाही. दुसऱ्या एखाद्या कार्यालयाने इथे डोक्याला हात लावला असता. आम्ही समिती नेमली. तीत साहेब, मी, टंकलेखक बाई, भांडारपाल आणि वायरमन असे पाच जण होतो. (वायरमन समितीच्या खोलीतला पंखा दुरुस्त करायला आले होते. आता बाहेर जाऊन काय करणार, म्हणून त्यांना सदस्य केले.)

समितीच्या नऊ बैठका झाल्या. संगणक सुरू करावा पण त्यावर काही करू नये, अशी एक सूचना आली. दुसरी सूचना अशी, की प्रोसेसरला थोडे दिवस आपल्यात बसू द्यावे, सवयीने ओळख होईल. ती मान्य होऊन खोकी टेबलांवर ठेवण्यात आली. भांडारपालांनी जुन्या अँटिव्हायरसची तबकडी प्रत्येक खोक्याला चिकटवून ठेवण्याचा प्रस्ताव मांडला, आणि तबकडी एकच असल्यामुळे ती दर सोमवारी पुढच्या खोक्यावर हलवण्याचे ठरले. वायरमन एवढेच म्हणाले, “प्लग तर लावून बघा.” त्यांचे मत भिन्नमत म्हणून नोंदवले आहे.

निकाल डोळ्यांत भरण्यासारखा आहे. त्या आधीच्या पाच महिन्यांत आमच्या संगणकांवर व्हायरसचे २१२ संशयित हल्ले झाले होते. (त्यांतले २०९ म्हणजे साहेबांनी सर्वांना पाठवलेले ‘व्हायरसपासून सावध राहा’ हे परिपत्रक.) खोकी बंद ठेवल्यानंतरच्या पाच महिन्यांत एकही हल्ला झाला नाही. विजेचा वापर घटला. टंकलेखक बाईंचा मानेचा त्रास गेला. वरिष्ठ कार्यालयाने आम्हाला ‘सर्वांत सुरक्षित संगणक कक्ष’ म्हणून गौरवले आणि इतर कार्यालयांतून लोक खोकी पाहायला येऊ लागले.

या यशाला एक किरकोळ बाजू होती. परवाने निघत नव्हते. नूतनीकरणाचे २१४ अर्ज पडून होते आणि त्यांपैकी एक माझ्या मेहुण्यांचा, म्हणजे धाकट्या बहिणीच्या नवऱ्यांचा होता. ते एकोणीस वर्षे उंच क्रेन चालवतात. रोज सकाळी डबा पाठीला बांधून वीस मजले शिडीने चढतात आणि संध्याकाळीच खाली उतरतात. परवान्याची मुदत संपल्यापासून ते घरी बसले होते. ठेकेदाराने त्यांच्यासाठी बरेच दिवस कळ काढली, मग निरोप पाठवला, की सोमवारपर्यंत परवाना आणा, नाहीतर तुमच्या जागी दुसरा माणूस वर चढेल.

ते माझ्या टेबलासमोर येऊन बसले. जमिनीवर त्यांना कुठे बघावे ते कळत नाही, म्हणून ते खोक्याकडे बघत होते.

“दादा, माझं घोडं नक्की कुठं अडलंय?”

“प्रोसेसरपाशी.”

“म्हणजे माझ्यात काही कमी आहे का?”

“छे हो. तुम्ही पहिल्या रकान्यातले.”

त्यांना रकाने ठाऊक नव्हते, पण बरे वाटलेले दिसले.

त्याच गुरुवारी कंपनीने सुसंगत आवृत्ती पाठवली. कुठल्यातरी बेशिस्त कार्यालयाने नियम धाब्यावर बसवून संगणक सात दिवस चालवला होता आणि अहवाल दिला होता. अशा लोकांमुळेच व्यवस्थेवरचा विश्वास उडतो. असो. शुक्रवारी सकाळी खोके उघडले, संगणक सुरू झाला, नव्या अँटिव्हायरसने नव्या प्रोसेसरला ओळखले आणि साहेबांनी स्वतः टाळ्या वाजवल्या.

फक्त एक गोष्ट राहिली होती. नव्या आवृत्तीला प्रोसेसर ओळखीचा असला तरी बाकी जगात कोणीच ओळखीचे नव्हते. तिची विश्वासातल्यांची यादी कोरी होती, आणि यादीत नाही ते सगळे संशयित, असे तिचे साधे तत्त्व होते. गठ्ठ्यात सगळ्यांत वर मेहुण्यांचा अर्ज निघाला. (तो वर कसा आला याची चौकशी झाली. पंख्याच्या वाऱ्याने आला असा निष्कर्ष आहे.) बाईंनी तो टंकून जतन केला, तसा पडदा पिवळा झाला.

‘ही फाइल मी ओळखत नाही. तुम्ही ओळखता का?’

खाली दोन बटणे होती. डावे म्हणत होते, ‘ओळखतो, जबाबदारी माझी’. त्याखाली दाबणाऱ्याने आपले पूर्ण नाव लिहायचे होते. उजवे म्हणत होते, ‘नंतर पाहू’. त्याला नावगाव लागत नव्हते. पहिल्या फाइलचा निकाल लागेपर्यंत दुसरी पाहणार नाही, असेही अँटिव्हायरसने स्पष्ट केले.

साहेब म्हणाले, “मी फक्त सह्या करतो. ओळखण्याचं काम माझ्याकडे कधी नव्हतं.” बाई म्हणाल्या, “मी टाइप केलं हो, वाचलं कुठे?” भांडारपालांनी कानावर हात ठेवले. वायरमन तयार होते, पण त्यांची नेमणूक पंख्यापुरती असल्याने त्यांचे नाव यंत्राने घेतले नाही. अशा प्रकारे अडतीस कर्मचारी त्या खुर्चीत बसून उठले, आणि त्यांतल्या प्रत्येकाने उजवे बटण दाबले.

राहिलो मी. त्या माणसाला मी खरोखर ओळखत होतो. एकोणीस वर्षांत त्यांच्या क्रेनखाली कोणाला खरचटलेही नाही. सोसाट्याचा वारा असताना वर अडकलेल्या दोन मजुरांना त्यांनी क्रेनच्या पाळण्यातून खाली आणले होते, हेही मला माहीत होते. पण नातेवाइकाची शिफारस करू नये असा चाळिसावा नियम आहे. (तो आम्ही मागच्या वर्षी साहेबांच्या भाच्यासाठी शिथिल केला होता, पण तेव्हा तशी निकड होती.) मेहुणे माझ्या खुर्चीमागे उभे होते. मला वाईट वाटले. फार वाईट वाटले, हे मी इथे लिहून ठेवतो. मग मी ‘नंतर पाहू’ दाबले.

मेहुणे निघाले. जाताना टेबलावरचा रिकामा कप उचलून त्यांनी मोरीत नेऊन ठेवला.

सोमवारी दुसरा माणूस वर चढला. मेहुणे आता त्याच क्रेनखाली उभे राहून लाल झेंडी दाखवतात आणि लोकांना बाजूला करतात. त्या कामाला परवाना लागत नाही. धाकटीने फोन केला होता. “दादा, तुला एक बटण दाबता आलं नाही?” एवढेच विचारून तिने ठेवून दिला. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. (तिचेही नंतर पाहू.)

पण कार्यालय असंवेदनशील आहे असा कोणाचा समज होऊ नये, म्हणून समितीने दहावी बैठक घेतली. अर्जदाराचे नातेवाईक आणि कार्यालयाच्या कामावरची माणसे सोडून ओळख पटवण्याचा अधिकार कोणाही नागरिकाला द्यावा असे ठरले, आणि कंपनीने त्याला परवानगीही दिली. संगणक उचलून रस्त्याच्या दाराशी ठेवला, शेजारी मेहुण्यांचा अर्ज, डोळे तपासल्याचा दाखला आणि इथवरचा हा सगळा वृत्तान्त चिकटवला. ज्याला पटेल त्याने डावे बटण दाबावे आणि नाव लिहावे. मेहुण्यांसह २१४ माणसांचे काम तिथून पुढे सुरू होईल.

तीन आठवड्यांत सहाशे चाळीस माणसे येऊन गेली. सगळ्यांनी अथपासून इतिपर्यंत वाचले. कित्येक जण हळहळले, काहींचे डोळे पाणावले, आणि ‘काय ही कार्यालये’ असे बहुतेक सगळेच म्हणाले. त्यानंतर उजवे बटण सहाशे चाळीस वेळा दाबले गेले.

आता हे वाचून तुम्हीही मान हलवत असाल. त्या सहाशे चाळिसांत तुम्ही नव्हता, हे मला मान्य आहे. ते निदान दारापर्यंत आले होते. तुम्ही यायचे ठरवलेच तर कार्यालय दहा ते पाच उघडे असते, रांग नसते, आणि सोबत फक्त स्वतःचे पूर्ण नाव आणावे लागते. कधी येताय?