राजपुत्राला ताप

"डॉक्टर, घोड्याचा हिरवा शेंबूड राजपुत्राला लागला, तर राजपुत्र जगेल का?"

घोडेवालीने हा प्रश्न जनावरांच्या दवाखान्यात भर गर्दीत, न हसता, एका दमात विचारला. बाकावर एक मांजर, एक पोपट आणि त्यांची माणसं बसली होती, त्या सगळ्यांच्या माना वळल्या. दाराबाहेर मैत्रिणी तोंडात ओढण्या कोंबून उभ्या होत्या. पैज त्यांचीच होती. खेळाचा उल्लेख न करता विचारून दाखव, मग तुला टेबलाशी खुर्ची.

खेळ होता फाशांचा. त्यांच्यातली म्होरकी गोष्ट रचून सांगायची, बाकीच्या त्या गोष्टीतली माणसं व्हायच्या, आणि कुणाचं काय होणार ते फासे ठरवायचे. ही उशिरा आली तोवर राजपुत्र, जादूगारीण, चोर अशी सगळी झकास माणसं वाटून झाली होती. उरले घोडे. मग ही झाली घोडेवाली, तीही मागच्या स्टुलावर. घोडे असून असून बोलणार किती! "घोडे चरतायत," एवढं एकच वाक्य तिच्या वाट्याला यायचं आणि तेसुद्धा कुणी ऐकायचं नाही. शेवटी तिने डोकं लढवलं. घोडे आजारी पडले तर सगळ्यांना मागे वळून बघावंच लागेल ना? म्हणून तिने मनानेच एक रोग रचला, त्याचे नियम केले आणि फासा टाकून राजपुत्रालाही तो लावून दिला. राजपुत्र झालेली मैत्रीण चिडली. असला रोग असतो तरी का, म्हणाली. त्यावरून ही पैज.

डॉक्टरांनी हातातली सुई खाली ठेवली. "नाकातून चिकट येतंय?"

"हो. आणि पायांवर गाठी."

"राजपुत्र उभा राहतो?"

"राहतो. पण काल पुलावरून पडला."

"त्याला इतरांपासून वेगळा बांधलाय का?"

राजपुत्राला कोण बांधेल, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. "नाही, मोकळाच असतो. सगळ्यांबरोबर तंबूत झोपतो."

"आणि त्यांचं सगळं करतं कोण?"

"मीच. मलाही ताप आहे, पण मी वाचणारे."

डॉक्टर खुर्चीसकट मागे सरकले. असा रोग खरोखरच होता, आणि तो घोड्याकडून माणसालाही लागायचा. त्यांनी तिचा पत्ता विचारला आणि तिने तो खराखुरा सांगितला, कारण खोटं बोलायचं पैजेत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांच्या घराची बेल वाजली. दारात डॉक्टर होते, पशुखात्याच्या अधिकारी बाई होत्या, आणि पांढरे झगे, गमबूट, मास्क घातलेली दोन माणसं फवारणीचा पंप घेऊन उभी होती. त्या दिवशी सुट्टीवर असलेल्या आईच्या हातात ओला टॉवेल होता. घोडे कुठे आहेत, असं बाईंनी विचारल्यावर तिने सवयीने आधी गॅलरीत बघितलं. वॉचमनकाका मागून शपथेवर सांगत होते, की लिफ्टमधून घोडा काय, शिंगरूसुद्धा आपण सोडलेलं नाही. प्रकरण तिथेच मिटलं असतं, पण खालच्या काकू वर आल्या.

"घोडे आहेत," काकू शांतपणे म्हणाल्या. "रोज संध्याकाळी माझ्या डोक्यावर टापा वाजतात. टक टक टक, थांबतात, परत टक टक. मी म्हटलं, लोकांच्या घरात आपण कशाला बोला."

झगेवाल्यांनी पंप भरला. आईने मुलीकडे बघितलं. घोडेवाली कानापर्यंत लाल झाली आणि आतल्या खोलीतून एक पुठ्ठा घेऊन आली. पुठ्ठ्यावर सहा बटणं म्हणजे तिचे घोडे होते, आजारी दोन हिरवी रंगवलेली, आणि कडेला रोगाचे नियम लिहिलेले. त्या टापा म्हणजे तिचे फासे होते. संध्याकाळी आई-बाबा कामावरून येईपर्यंत ती जमिनीवर बसून एकटीच खेळायची. राजपुत्र तीच, जादूगारीण तीच, चोरही तीच, आणि त्या खेळात सगळे जण घोडेवालीशी भरभरून बोलायचे. हे शेवटचं तिने सांगितलं नाही.

बाईंनी वाकून कडेचे नियम वाचले. मग तक्रार करावी तशा आवाजात म्हणाल्या, "यात लागण झालेलं जनावर काढा पिऊन एका डावात बरं होतं. असं कुठे असतं?"

"तेच म्हणतोय मी," डॉक्टर खाली बसत म्हणाले. "आधी वेगळं करायला हवं. जनावर वेगळं, त्याचं करणाराही वेगळा."

मग त्या दोघांनी तिचे सगळे नियम दुरुस्त करून दिले. झगेवाल्यांना आईने चहा दिला.

शनिवारी ही हकिगत तिने म्होरकीच्या घरी रंगवून रंगवून सांगितली. मैत्रिणी हसून हसून आडव्या झाल्या. तिला खुर्ची मिळाली, तीसुद्धा राजपुत्राच्या शेजारची, आणि नवे नियम लगेच लागू झाले. तिने ऐटीत फासा टाकला. घोड्याला लागण झाली.

"जनावराचं करणाराही वेगळा," म्होरकीने वाचलं. "म्हणजे तू. ऊठ. नियम तुझाच आहे बाई."

ती गॅलरीत जाऊन बसली. आधी मजा वाटली. आत हशा झाला, राजपुत्राने कुणाला तरी हरवलं, मग पुन्हा हशा. बरी झाले का, असं तिने दारातून दोनदा विचारलं. "थांब गं जरा," असं आतून एकदा आलं, दुसऱ्यांदा तेही नाही. थोड्या वेळाने बघते तर तिच्या खुर्चीवर दप्तरं ठेवलेली. ती टेबलाजवळून चपला घालून निघाली, तेव्हा जादूगारीण पाय जरा बाजूला घेऊन म्हणाली, "दार लोटून घे हां."

घरी आई-बाबा टीव्हीसमोर होते. तिने टीव्ही बंद केला. बाबांनी रिमोट खाली ठेवला.

"मी आता तिकडे जाणार नाही," ती म्हणाली. "खेळ मी चालवणार, इथे, आपल्या घरी. तुम्ही दोघं आहातच, खालच्या काकूंना विचारून आले, त्या चोर व्हायला तयार आहेत. आणि एक नियम आत्ताच सांगते. आजारी पडला तर घोडा वेगळा बांधायचा. माणूस टेबलाशीच बसणार."